वर्षावरचा एक दिवस

आमच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारची. कधीकाळी गुरुवारी वीज बंद असायची म्हणून कारखान्यांनी तो वार धरला, आणि मग लग्नाच्या खरेद्या, दाढी-कटिंग, बायकोला डॉक्टरकडे नेणं, सगळं गुरुवारावर जाऊन बसलं. त्यामुळे मुक्त विद्यापीठाचा आमचा इतिहासाचा वर्गही चाकणला गुरुवारीच भरतो, सकाळी दहा ते एक. कागदावर चाळीस विद्यार्थी, प्रत्यक्षात सात-आठ. त्यातले दोघे झोपायला येतात. मी त्यांना उठवत नाही. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला मध्ययुगीन युरोपासाठी उठवणं पाप आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे.

बाकी मी चिडकी आहे. भोसरीहून चाकणला यायला त्या रस्त्यावर मला दीड तास लागतो. निम्मा राग ट्रकवाल्यांवर निघतो म्हणून विद्यार्थी वाचतात. पण एक धडा असा आहे की तो असला की माझा मूड सकाळपासून झकास असतो. युरोपात व्यापार कसा वाढला आणि शहरं कशी उभी राहिली, तो धडा. चाकणमध्ये तो शिकवायला पुस्तक लागतच नाही. सरदाराचा किल्ला, किल्ल्याच्या तटाबाहेर आठवड्याचा बाजार, बाजाराला आलेले व्यापारी मग तिथेच मुक्काम ठोकतात. त्यांना लोहार लागतो, खोगीर शिवणारा लागतो, पाव भाजणारा लागतो, आणि बघता बघता गावाचं शहर होतं. चाकणला किल्ला आहे, कांद्याचा बाजार आहे. पुढचं काय काय आलं ते खिडकीतून बघा म्हणते मी पोरांना. पोरं म्हणजे काय, तीस-पस्तिशीचे बाप्ये.

त्या गुरुवारी मी भूदासांबद्दल सांगत होते. भूदास म्हणजे जमिनीला बांधलेला माणूस. जमीन विकली की तोही नव्या मालकाचा. त्याला मालकाला विचारल्याशिवाय लग्नसुद्धा करता यायचं नाही. पण पुष्कळ शहरांत एक रिवाज होता. असा माणूस पळून शहरात आला, तटाच्या आत एक वर्ष आणि एक दिवस राहिला, आणि तेवढ्या काळात मालकाने येऊन 'हा माझा' असं म्हटलं नाही, तर तो मोकळा. मग त्याच्यावर कुणाचा हक्क नाही. हे सांगताना मला दर वर्षी अंगावर काटा येतो. वर्गाला येत नाही. वर्ग विचारतो, "परीक्षेला येतं का?"

पण या वेळी तिसऱ्या बाकावरच्या माणसाने हात वर केला. मराठवाड्याकडचा, तेहतीस वर्षांचा, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत कंत्राटावर. एरवी तोंडातून शब्द काढायचा नाही, पण लिहायचा असा की पेपर तपासताना मी सरळ होऊन बसायचे.

"मॅडम, मधी एखाद दिवस भाईर गेला तर? मोजणी पुन्हा पहिल्यापासून का?"

बावीस वर्षं मी हा धडा शिकवतेय. हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी काहीतरी उत्तर दिलं, पण दिवसभर तो प्रश्न मनात राहिला असता. राहायची वेळ आली नाही, कारण वर्ग सुटल्यावर तो टपरीवर माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

"एक सांगू का मॅडम? कुणाला बोलू नका. माझे एकशे शहाऐंशी झालेत."

"काय झालेत?"

"दिवस."

चहा संपेपर्यंत त्याने मला सगळं सांगितलं. थोडं मला माहीत होतं. या पट्ट्यात राहून ते माहीत नसणं शक्य नाही. बारा महिन्यांत दोनशे चाळीस दिवस सलग काम भरलं की माणूस नुसता आला-गेला राहत नाही, त्याला काहीतरी मागता येतं. म्हणून कंत्राटदार सातव्या महिन्यातच माणसाला थांबवतो. याला सगळे 'ब्रेक' म्हणतात. पंधरा दिवस घरी बसायचं, मग नाव दुसऱ्या यादीत, गळ्यात नवं कार्ड, आणि मोजणी एकपासून. याला सहा वर्षांत नऊ ब्रेक लागले होते. ब्रेक लागला की खोलीतली जागाही जायची. सहाजणांच्या खोलीत रिकामी गादी कोण ठेवतो? तो गावी जायचा, आणि परत आल्यावर नवी खोली, नवे पाचजण.

पण यंदा गंमत झाली होती. कंत्राटदाराच्या ऑफिसात ब्रेकची यादी करणारी मुलगी लग्न होऊन गेली, आणि नव्या माणसाने यादी केली त्यात याचं नाव सुटलं. सातवा महिना आला नि गेला, कुणी त्याला थांबवलंच नाही. दोनशे चाळीस भरले म्हणजे लगेच सनई-चौघडे वाजतात असं नाही, हे त्याला ठाऊक होतं. पण त्याच्याच लाईनवरच्या दोघांचे असेच चुकून भरले होते, आणि युनियनवाल्यांनी भांडून त्यांना कंपनीच्या यादीत घ्यायला लावलं होतं. ते दोघं आज कायम आहेत.

"पोरगी यंदा पहिलीला हाय," तो म्हणाला. "कायमचं झालं की खोली घेतो, दोघींना घेऊन येतो. तिला हितल्या शाळेत घालायचंय. सहा वर्षांची झाली, मी तिला सगळी मिळून वर्षभरही बघितलेली नाही."

त्या दिवसापासून मी गुंतले. हजेरीच्या कागदावर सही करताना तो हळूच आकडा सांगायचा. एकशे ब्याण्णव. पुढच्या गुरुवारी एकशे अठ्ठ्याण्णव. मग दोनशे चार. गुरुवार तो धरत नसे, म्हणून सहाच्या उडीने. मला तर क्रिकेटच्या स्कोअरसारखी चटक लागली. नवरा विचारायचा, "काय आज खुशीत?" मी म्हणायचे, "दोनशे दहा!" त्याला वाटायचं बायकोला वेड लागलं.

त्याचं सगळं वागणंच बदललं होतं. ताप अंगावर काढून कामावर गेला. चुलतभावाच्या लग्नाला गेला नाही, गावाने शिव्या घातल्या. कॅन्टीनमध्ये भाजीत अळी निघाली तेव्हा बाकीचे ओरडले, याने ताट बाजूला सारलं आणि नुसती पोळी खाल्ली. कंपनीच्या बसमध्ये तो शेवटच्या सीटवर बसू लागला. कुणाच्या डोळ्यांवर यायचं नाही, कुणाला आपलं नाव आठवू द्यायचं नाही, बस्स. मी चेष्टा करायचे, "काय, आज मालक दिसला का?" तो म्हणायचा, "दिसला की. पर त्यानं मला न्हाई बघितलं." आणि आम्ही दोघं टपरीवर हसायचो. मला तेव्हा फार शहाणं वाटायचं, की पुस्तकातलं जिवंत माणसाला लागू पडतंय आणि ते मला कळतंय.

दोनशे सोळा झाले त्या आठवड्यात पहिल्या वर्षाचा निकाल लागला. इतिहासात तो केंद्रात पहिला. नुसता पहिला नाही, दुसऱ्याच्या कितीतरी पुढे. मी इतकी हरखले की भर रस्त्यात टाळ्या वाजवल्या. आमचे केंद्रप्रमुख म्हणाले, "मॅडम, प्रवेशाचे दिवस आहेत, फ्लेक्स लावू या चौकात. त्याचा फोटो आणि दोन ओळी पाठवा."

आता फ्लेक्सचं आमच्याकडे काय सांगायचं! कुणाचा भाचा पोलीस भरतीत निघाला, फ्लेक्स. कुणी बैल घेतला, फ्लेक्स. वाढदिवस तर विचारूच नका, दीड वर्षाच्या बाळाला गॉगल लावून उभं करतात. आणि जो माणूस खरोखर काहीतरी करून दाखवतो, त्याचाच फ्लेक्स नाही? मी फोन लावला.

"नको मॅडम," तो म्हणाला. "फ्लेक्स कशाला? नको."

"अहो, लाजता काय नव्या नवरीसारखे?"

"न्हाई मॅडम, खरंच नको."

आमच्याकडे सत्काराला कुणी पटकन हो म्हणत नाही. शाल घालायला माणूस पुढे आला की दोनदा नको म्हणायचं, मागे सरकायचं, हात जोडायचे, आणि तिसऱ्यांदा मान वाकवायची. पहिल्या फटक्यात हो म्हणणाऱ्याला लोक हावरट म्हणतात. त्याने दोनदा नको म्हटलं, आणि मी तिसऱ्यांदा विचारलंच नाही. मीच त्याच्या वतीने मान वाकवली. "मी पाठवतेय फोटो," म्हणून फोन ठेवला. माझ्या मोबाइलमध्ये टपरीवर काढलेला एक चांगला फोटो होता, कंपनीच्या गणवेशातला. दोन ओळीही मीच लिहिल्या. 'चाकणच्या कारखान्यात शिफ्ट सांभाळून शिकणारा आमचा विद्यार्थी' असं ठळक घाला म्हणून मीच सांगितलं. नुसतं नाव घातलं असतं तर चाललं असतं. पण मला मिरवायचं होतं.

वर्षभर लपून राहणाऱ्या माणसाची गोष्ट वर्गात रंगवून सांगणारी बाई मी. मीच त्याचा आठ फुटी फोटो कंपनीच्या बसेस वळतात त्या चौकात लावला. माझ्या डोक्यात एका क्षणासाठीही आलं नाही हो! देवाशपथ आलं नाही.

दोन दिवसांनी मला फोन आला. "मॅडम, वळखलं का? मी तुमच्या वर्गात व्हतो की, मागच्या बाकावर." मी ओळखलं. याच्या घरची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली, आणि ज्या जमिनीत त्याचा बाप कांदा लावायचा तिथे उभ्या राहिलेल्या कंपन्यांना हा आता माणसं पुरवतो. "आवं, तुमच्या त्या फ्लेक्सवरचा गडी आमचाच हाय! मला काल गाडीतनं दिसला. म्हटलं आपला माणूस पैला येतोय आन आपल्याला पत्त्या न्हाई? गुरुवारी आमच्या ऑफिसात सत्कार ठिवलाय. तुमी पाहिजेच."

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. मी म्हटलं, "अरे, कशाला उगाच, लहानसं यश आहे." तो म्हणाला, "आसं कसं मॅडम!" मी दुसऱ्यांदा नको म्हटलं. त्यानेही ते शिष्टाचारच धरलं.

गुरुवारी आम्ही तिघं त्या एसी ऑफिसात होतो, शिवाय ऑफिसातले चार-पाच लोक मोबाइल धरून. शाल, श्रीफळ, फेटासुद्धा. फेट्याखाली त्याचा चेहरा मला बघवत नव्हता. सकाळी वर्गात सही करताना त्याने आकडा सांगितला नव्हता, पण मला ठाऊक होता. दोनशे बावीस. फक्त तीन आठवडे राहिले होते. कंत्राटदाराने काचेचं मानचिन्ह दिलं. त्यावर त्याचं पूर्ण नाव होतं आणि खाली 'आमच्या परिवारात' म्हणून कामावर लागल्याची तारीख कोरली होती. ती तारीख मी दोनदा वाचली. तारीख कोरायची तर फाईल काढावी लागते.

शुक्रवारी पहिल्या पाळीला गेटवर त्याचं कार्ड लागलं नाही. त्याने मला फोन केला नाही. शनिवारी मीच केला तेव्हा कळलं. आवाज अगदी साधा. "ब्रेक लागला, मॅडम," एवढंच. मी रडायला लागले तर उलट तोच म्हणाला, "तुमी कशाला रडता? तुमी तर चांगलंच करायला गेलता." मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी कामगार ऑफिसात जाऊ म्हटलं. तो घाबरला. या पट्ट्यात माणसं पुरवणारे सगळे एकमेकांना ओळखतात. एकदा नाव गेलं की कुठल्याच गेटवर उभं करत नाहीत. मग मी कुणाला न सांगता तणतणत कंत्राटदाराच्या ऑफिसात गेले. जाताना बसमध्ये मनातल्या मनात काय काय भाषणं केली! त्याने उठून खुर्ची दिली, पाया पडला, चहा मागवला. निम्मं भाषण तिथेच गळालं.

"तुला माहीत होतं ना सत्काराच्या दिवशी?" मी विचारलं.

"व्हय मॅडम. आदल्या दिवशी फाईल काढली तवाच ध्यानात आलं. म्हटलं सत्कार तरी हू द्या गड्याचा."

"अरे, अठरा दिवस राहिले होते त्याचे! अठरा! तुझी फाईल इतके महिने झोपली होती, अजून तीन आठवडे झोपली असती तर काय आभाळ कोसळलं असतं?"

"न दिसतं तर काय बी न्हाई झालं असतं," तो म्हणाला, आणि खरंच वाईट वाटत असल्यासारखा माझ्याकडे बघत राहिला. "पर दिसलं ना, मॅडम. दिसल्यावर मी काय करू? मागं दोघांचं आसंच झालं तवा कंपनीनं मला बोलावून सुनावलंय, तिसरा निघाला तर तुझं काम दुसऱ्याला. माझी अडीचशे माणसं हायत. ती कुठं घालू?"

"आणि याचं काय?"

"घेतो की पंधरा दिसांनी. पैला घेतो, माझा सबुद. तेहतीसचा हाय, अजून दोन वर्सं तरी कंपनी त्याला घील. पस्तिशीच्या पुढं लाईनवर घेत न्हाईत, पर तवाचं तवा बघू." मग त्याने अगदी साध्या आवाजात विचारलं, "मॅडम, तुमी तरी कायम हाय का?"

टोमणा नव्हता तो. त्याला खरंच माहीत नव्हतं. मी तासिका तत्त्वावर शिकवते. मार्चअखेर आमचा आदेश संपतो, जूनमध्ये नवा निघतो, मध्ये आम्ही कुणीच नसतो. बावीस वर्षं. मी ते स्वतःला कधी या भाषेत सांगितलं नव्हतं. चहा आला होता. मी तो प्यायले आणि उठले. दुसरं काय करणार होते? फ्लेक्स अजून चौकात होता. केंद्रप्रमुखांना फोन करून मी तो उतरवायला सांगितला, तर ते म्हणाले, "मॅडम, महिन्याचे पैसे भरलेत." दर गुरुवारी येता-जाता त्या चौकात मी मोबाइलमध्ये डोकं घालून बसायचे.

पुढच्या गुरुवारी तो वर्गात आला, हातात कपड्यांची पिशवी घेऊन. खोली सोडली होती, दीडच्या गाडीने गावी निघाला होता. वर्गाने त्याला टाळ्या वाजवल्या, सत्काराचे फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरले होते. एकजण म्हणाला, "भावा, पेढे कुठायत?" तो हसला. मी शिकवायला सुरुवात केली. त्या दिवशी कसबी कारागिरांचे संघ होते, कुणाला धंद्यात घ्यायचं आणि कुणाला नाही ते कसं ठरायचं, ते सगळं. माझं मला काय बोलतेय ते कळत नव्हतं. तो मात्र नेहमीसारखा लिहून घेत होता.

एक वाजता सगळे गेले. तो टेबलापाशी आला. मी विचारलं, "मुलीचं काय?"

"गावातल्या शाळेत नाव घातलं काल. बायको गेलती." मग म्हणाला, "मॅडम, एक विचारायचं राहिलं."

"विचारा."

"वर्षाच्या आत मालकानं ज्यांना हुडकून नेलं, त्यांचं पुढं काय व्हायचं?"

मी पुस्तक उघडलं. उगाच. जे मोकळे झाले त्यांच्याबद्दल पाच पानं आहेत. त्यांनी कुठले धंदे काढले, कसल्या वखारी नि सभागृहं बांधली, तट कसे वाढवले. ज्यांना परत नेलं त्यांच्याबद्दल एक ओळ नाही. मला माहीत नाही, असं सरळ म्हणायला हवं होतं. पण शिक्षकाची जात, गप्प बसवत नाही.

"परत शेतावर लावत असतील," मी ठोकून दिलं.

"मग पुन्हा पळायचे?"

"पळत असतील."

त्याने मान हलवली, पिशवी उचलली. दारापर्यंत गेला आणि वळला.

"किती वयापर्यंत पळता यायचं, मॅडम?"

मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, "निघा आता, तुमची गाडी चुकेल."